जुन्या जीपच्या मागील आसाची अदलाबदल : यांत्रिक तत्त्वे, सुरक्षितता आणि कायदा
(नांदेड-लातूर परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
जुन्या मोटारगाडीचा मूळ मागील आस काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचा आस बसविणे हा प्रकार जगभर प्रचलित आहे. मराठवाड्यात त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे महिंद्रा जीप होय. वरवर पाहता हे काम सुटे भाग बदलण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याचा संबंध इंजिनाच्या फेऱ्या, चढावरील ओढशक्ती, ब्रेकचा समतोल, वेगमापकाची अचूकता आणि मोटार वाहन कायदा या सर्वांशी येतो. प्रस्तुत लेखात या संबंधांचे सोप्या गणिताच्या आधारे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मागील आस, डिफरन्शिअल, क्राऊन-पिनियन, आसाचे गुणोत्तर, जीप, मोटार वाहन कायदा.

१. प्रस्तावना :
बैलगाडीच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला मराठीत आस किंवा कणा म्हणतात. बैलगाडीतील आस स्थिर असतो व चाके त्याच्याभोवती फिरतात. मोटारगाडीच्या मागील आसाला मात्र तीन कामे करावी लागतात. तो गाडीचे वजन पेलतो, इंजिनाकडून आलेली फिरती शक्ती काटकोनात वळवून चाकांना देतो आणि वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. आपल्याकडील गॅरेजमध्ये या संपूर्ण जोडणीला 'मागची हौसिंग' असे सुटसुटीत नाव आहे.

अमेरिकेत १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून 'मसल कार' हा वर्ग लोकप्रिय झाला. अशा गाड्यांत अधिक शक्तीचे इंजिन बसविले की मूळ आस तो जोर सहन करू शकत नाही. म्हणून १९५७ साली आलेला फोर्ड कंपनीचा नऊ इंची आस अनेक हौशी लोक आपापल्या गाडीला बसवितात. 'नऊ इंची' हे त्यातील क्राऊन चक्राच्या व्यासाचे माप आहे. आपल्या परिसरात कारण बहुधा याच्या उलट असते. येथे शक्ती वाढविण्यापेक्षा इंधनाची बचत, महामार्गावरील सुसह्य वेग आणि सुट्या भागांची उपलब्धता या गरजांपोटी आस बदलण्याचा विचार होतो. कारणे भिन्न असली तरी यंत्रशास्त्राचे नियम दोन्हीकडे एकच आहेत.

२. अभ्यासाची उद्दिष्टे :
(१) मागील आसाच्या गुणोत्तराचा गाडीच्या वेगावर व ओढशक्तीवर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
(२) आस बदलताना उद्भवणाऱ्या सुरक्षिततेच्या प्रश्नांचा ऊहापोह करणे.
(३) या बदलासंबंधी विद्यमान कायदेशीर स्थिती समजून घेणे.

३. पार्श्वभूमी :
महिंद्र बंधूंच्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी या लष्करी जीपच्या मागील आसाचे गुणोत्तर ४.८८ होते. १९५३ साली विलीजने बाजारात आणलेल्या सीजे-३बी या उंच बॉनेटच्या नागरी जीपमध्ये ते ५.३८ होते. हीच सीजे-३बी पुढे महिंद्राने भारतात दीर्घकाळ तयार केली. नंतरच्या काळात प्यूजो परवान्याचे डिझेल इंजिन असलेल्या जीपगाड्या रुळल्या. शासकीय खात्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि 'काळी-पिवळी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी वाहतुकीच्या रूपाने जीप मराठवाड्याच्या ग्रामीण जीवनाचा भाग बनली.

या गाडीची मूळ रचना खराब रस्त्यांसाठी होती. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील चिखल तुडविणे, बालाघाटाचे चढ-उतार पार करणे, किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात भार घेऊन चढणे या कामांना मोठे गुणोत्तर अनुकूल होते. आज नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर या गावांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ सारखे रस्ते उपलब्ध आहेत. त्यावर जुनी जीप चालविताना इंजिन कर्कश आवाजाने फिरत राहते आणि गाडी मात्र मागे पडते. आस बदलण्याची इच्छा येथूनच निर्माण होते.

४. गुणोत्तराचे गणित :
प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला लहान दंतचक्र म्हणजे पिनियन असते. ते मोठ्या दंतचक्राला म्हणजे क्राऊनला फिरविते. क्राऊनच्या दात्यांच्या संख्येला पिनियनच्या दात्यांच्या संख्येने भागले असता आसाचे गुणोत्तर मिळते. उदाहरणार्थ, क्राऊनला ४३ व पिनियनला ८ दाते असल्यास गुणोत्तर सुमारे ५.३८ येते. याचा अर्थ चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टला ५.३८ फेऱ्या माराव्या लागतात.

जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर धरू. ताशी ८० कि.मी. वेगाने गाडी एका मिनिटात १३३३ मीटर अंतर कापते, म्हणजेच चाक सुमारे ६०६ फेऱ्या मारते. टॉप गिअरमध्ये इंजिन व शाफ्ट यांची गती समान असते. त्यामुळे ५.३८ गुणोत्तर असताना इंजिनाला मिनिटाला सुमारे ३२६० फेऱ्या माराव्या लागतात, ४.८८ असताना सुमारे २९६० आणि ४.१० असताना सुमारे २४८५. आवाज, झीज व इंधन यांत फरक का पडतो, हे यावरून ध्यानात येते.

परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. गुणोत्तर जितके कमी, तितका चाकावर पोहोचणारा पीळ कमी. ५.३८ वरून ४.१० वर येताना प्रत्येक गिअरमधील ओढशक्ती सुमारे २४ टक्क्यांनी घटते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८ धरल्यास एकूण गुणाकार १५.१ वरून ११.५ वर येतो. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही, मात्र भरलेली गाडी घाटात उभी करून पुन्हा उचलताना क्लचवर ताण येईल. म्हणून मालकाने प्रथम स्वतःला हा प्रश्न विचारला पाहिजे की, आपली गाडी वर्षातील किती दिवस महामार्गावर आणि किती दिवस शेतरस्त्यावर चालते?

५. चारही चाकांच्या चालनाचा प्रश्न :
जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढील व मागील शाफ्टच्या मध्ये डिफरन्शिअल नसते. फोर-व्हील लावले की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने बांधले जातात. अशा गाडीत पुढचा आस ५.३८ चा ठेवून केवळ मागचा ४.८८ चा बसविला, तर मागची चाके १००० मीटर जाण्याइतकी फिरतात तेव्हा पुढची चाके ९०७ मीटरइतकीच फिरतात. उरलेले ९३ मीटर कोठे जातात? चिखलात ते टायरच्या घसरण्यात जिरतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरण्यास वाव नसल्याने सर्व ताण दंतचक्रांवर, क्रॉसवर व शाफ्टवर येतो आणि काही तरी तुटते. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही आसांचे गुणोत्तर एकत्र बदलले पाहिजे, अन्यथा फोर-व्हीलचा वापर कायमचा सोडून दिला पाहिजे.

६. बसवणीतील बारकावे :
आसाची लांबी, पाट्यांच्या बैठकीतील अंतर व चाकाच्या बोल्टांची मांडणी जुळणे ही प्राथमिक अट होय. जीपच्या चाकाला साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात. त्याशिवाय जुन्या जीपची एक खास अडचण आहे. तिच्या ट्रान्सफर केसमधून मागे जाणारा शाफ्ट गाडीच्या मध्यरेषेवर नसून एका बाजूस असतो व आसावरील डिफरन्शिअलचा गोलाही त्याच रेषेत बाजूला असतो. ज्या आसाचा गोला मधोमध आहे तो बसविल्यास शाफ्ट तिरका जातो. जीपच्या दोन्ही आसांतील अंतर अवघे ८० इंच असल्याने शाफ्ट आखूड असतो आणि हा तिरकेपणा अधिकच वाढतो.

क्रॉस जोड कोनात फिरताना एकसमान गती देत नाही, हे पदार्थविज्ञानातील परिचित तत्त्व आहे. कोन १५ अंशांचा असल्यास प्रत्येक फेरीत गती सुमारे साडेतीन टक्क्यांनी वर-खाली होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान ठेवले तर पहिल्या जोडाची विषमता दुसरा जोड रद्द करतो. म्हणून पाट्यांच्या बैठका हौसिंगवर वेल्ड करण्यापूर्वी गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या भारासह उभी करून पिनियनचा कोन मोजणे आवश्यक असते. वेल्डिंग सलग न करता थोडे थोडे, थंड होऊ देत केले पाहिजे. उष्णतेने हौसिंगची नळी वाकली तर बेअरिंग व सील वारंवार खराब होतात.

७. सुरक्षिततेचे प्रश्न :
(अ) आसाचा प्रकार : लष्करी विलीज जीपचा मागील आस फुल फ्लोटिंग होता. त्यात गाडीचे वजन हौसिंगच्या नळीवर असते व आतील शाफ्ट केवळ चाक फिरवितो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. सेमी फ्लोटिंग प्रकारात वजन शाफ्टवरच येते, त्यामुळे शाफ्ट तुटल्यास चाक निखळू शकते. क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी बसविण्याची सवय असलेल्या वाहतुकीत हा फरक प्राणांशी निगडित आहे.

(आ) ब्रेक : नव्या आसासोबत त्याचे ड्रम व सिलिंडर येतात. ते मूळच्यापेक्षा मोठे असल्यास जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी जखडतात आणि आखूड गाडी गर्रकन फिरते. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागील बाजूच्या ड्रमवर, म्हणजे शाफ्टवर काम करतो. शाफ्ट सोडविलेला असताना हँडब्रेक निरुपयोगी असतो. काम करण्यापूर्वी चाकांना दगडाची अथवा लाकडाची उटी लावणे म्हणूनच अपरिहार्य होय.

(इ) वेगमापक : या जीपच्या वेगमापकाला गती ट्रान्सफर केसकडून मिळते. तेथून पुढे गुणोत्तर बदलले आहे हे त्याला कळत नाही. ५.३८ ऐवजी ४.१० चा आस बसविल्यावर काटा ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ७९ कि.मी. वेगाने धावत असते. जुन्या ब्रेकच्या गाडीत हा भ्रम घातक ठरू शकतो. वेगमापकाचे दंतचक्रही त्याच वेळी बदलणे गरजेचे आहे.

८. कायदेशीर स्थिती :
मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

नोंदणी प्रमाणपत्रात चाकांतील अंतर व रिकाम्या गाडीचे वजन नमूद असते. प्रवासी अथवा मालवाहू गाडीच्या बाबतीत प्रत्येक आसावरील वजनाचीही नोंद असते. झिजलेल्या आसाच्या जागी त्याच प्रकारचा आस बसविणे ही दुरुस्ती होय. भिन्न प्रकारचा आस बसविणे हा मात्र बदल ठरू शकतो. म्हणून नांदेड (एमएच-२६) किंवा लातूर (एमएच-२४) येथील परिवहन कार्यालयाकडे आधी लेखी विचारणा करणे इष्ट होय.

जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या, अव्यावसायिक दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेतील स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे. त्यात चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल नसणे अपेक्षित आहे. आसाचा नामोल्लेख तेथे नसला तरी चॅसीवर वेल्डिंग केलेल्या गाडीचा 'मूळ स्वरूप' हा दावा निश्चितच दुबळा होतो. साठच्या दशकातील जीप बाळगणाऱ्या कुटुंबांनी हा मुद्दा लक्षात घ्यावयास हवा.

९. पर्यायी मार्ग :
मूळ हौसिंग कायम ठेवून तीत बसणारी भिन्न गुणोत्तराची क्राऊन-पिनियन जोडी पुढे व मागे एकाच वेळी बसविणे हा अधिक सयुक्तिक पर्याय आहे. त्यामुळे पाटे, ब्रेक, शाफ्टचा कोन व बोल्टांची मांडणी अबाधित राहते, वेल्डिंग टळते आणि काढलेली मूळ जोडी जपून ठेवल्यास गाडी पूर्ववत करता येते. मात्र पिनियनची खोली व दात्यांतील मोकळीक ठरविणे हे कुशल कारागिराचे काम आहे. दात्यांना रंग लावून त्यांचा स्पर्श तपासण्याची जुनी पद्धत आजही विश्वसनीय आहे.

१०. निष्कर्ष :
(१) आसाचे गुणोत्तर कमी केल्याने वेग सुसह्य होतो, परंतु ओढशक्ती त्याच प्रमाणात घटते.
(२) चारही चाकांवर चालणाऱ्या जीपमध्ये केवळ मागील आसाचे गुणोत्तर बदलणे अयोग्य आहे.
(३) आसाचा प्रकार, ब्रेकचा समतोल व वेगमापक यांकडे दुर्लक्ष झाल्यास बदल धोकादायक ठरतो.
(४) भिन्न आस बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची भूमिका जाणून घेणे मालकाच्या हिताचे आहे.
(५) मूळ हौसिंगमधील क्राऊन-पिनियन बदलणे हा तांत्रिक व कायदेशीर दृष्ट्या तुलनेने सुरक्षित मार्ग होय.

आपल्या परिसरातील कारागिरांकडे हातांचे कौशल्य विपुल आहे. नांदेड-लातूरमधील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या कौशल्याला कोन मोजण्याची, गुणोत्तर काढण्याची आणि नोंद ठेवण्याची जोड दिली, तर गाडी दुरुस्त करणारा आणि तीत बसणारा असे दोघेही अधिक निर्धास्त होतील. पदार्थविज्ञानाच्या वर्गात गतीचे गुणोत्तर शिकविताना फळ्यावरील चक्रांऐवजी एखादी उघडलेली जुनी हौसिंग विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासही हरकत नसावी.