प्रेरणा आणि कर्तृत्व : सामूहिक विकासाच्या परिभाषेविषयी

दारिद्र्यनिवारणाच्या चर्चेत ‘लोकांना प्रेरणा द्यावयास हवी’ हे वाक्य वारंवार येते. ते इतके अंगवळणी पडले आहे की, त्याचा अर्थ तपासण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात ही तपासणी व्याकरणाच्या अंगाने करावयाची आहे. व्याकरणाने दारिद्र्य हटत नाही, हे उघड आहे. तथापि योजनेची भाषा तपासली असता तिच्यातील माणसांचे परस्परसंबंध स्पष्ट होतात.

पुढील तीन वाक्ये पाहावीत. ‘गावकरी विहीर खणतात’. ‘अधिकारी गावकऱ्यांकडून विहीर खणवितो’. ‘गावकऱ्यांना विहीर मिळते’. पहिल्या वाक्यात गावकरी कर्ता आहेत. दुसऱ्यात क्रियापद प्रयोजक झाले असून श्रम गावकऱ्यांचेच असले, तरी कर्तेपण अधिकाऱ्याकडे गेले आहे. तिसऱ्यात ते केवळ घेणारे, म्हणजे आजच्या परिभाषेत ‘लाभार्थी’, उरले आहेत.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे, आणि अशा कर्त्यास प्रवृत्त करणारा तो प्रयोजक मानला आहे. या व्यवस्थेत ज्यास प्रवृत्त करावयाचे त्याचेही कर्तेपण लोपत नाही. तो प्रयोज्य कर्ता असतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, जो स्वतंत्र आहे त्यासच प्रेरणा देता येते. ज्याच्या हाती कोणताही निर्णय नाही त्याच्या बाबतीत प्रेरणा आणि आज्ञा यांत भेद राहत नाही.

आपल्या देशातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी 55 प्रकल्पांनी सामूहिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला. लोकांनी स्वतःच्या उन्नतीसाठी स्वतः पुढे यावे, हे त्याचे घोषित ध्येय होते. परंतु लोकांमध्ये अपेक्षित पुढाकार निर्माण झाला नाही, असे बलवंतराय मेहता समितीस 1957 मध्ये आढळले. त्यावर समितीने अधिक प्रचार सुचविला नाही. लोकनियुक्त संस्थांकडे सत्ता व साधने सोपवावीत, असे सुचविले. महाराष्ट्रात 1962 मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या, त्या याच विचारप्रवाहातून.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाचे उदाहरण याहून पुढचे आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तेथील घोषणा प्रसिद्ध आहे. तिच्या पूर्वार्धात ‘आमचे’ ही षष्ठी आहे, तर उत्तरार्धात ‘आम्हीच’ ही प्रथमा. सरकार ही आपल्या मालकीची, परंतु दूरची वस्तू न राहता बोलणारेच सरकार होतात. या गावाने अभ्यासगटांत विषय समजून घेण्याची आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करण्याची रीत घातली. वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये त्यास सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. ज्या जंगलात गावकरी पूर्वी इतरांसाठी मजुरी करीत, त्यातील बांबू ते आता स्वतः विकू लागले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘गाव ठरविते’ या वाक्यात ‘गाव’ हे एकवचन फसवे ठरू शकते. भूमिहीन मजूर, स्त्रिया, गावकुसाबाहेर ठेवली गेलेली माणसे त्या कर्त्यात सामावली आहेत काय, हे व्याकरण सांगू शकत नाही. ते सभेत बसूनच पाहावे लागते. बहुमताने कामकाज चालते तेथे अत्यंत दरिद्री माणसाचे मत सहज बाजूस पडते. सर्वसहमतीत निदान त्याच्या नकारासाठी सर्वांना थांबावे लागते.

क्षेत्रकार्यासाठी खेड्यांत जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी म्हणून एक लहानशी नोंद अवश्य ठेवावी. गावातील कामांविषयी बोलताना तेथील सर्वांत गरीब माणूस ‘आम्ही केले’ म्हणतो, ‘आमच्याकडून करून घेतले’ म्हणतो, की ‘आम्हांला मिळाले’ म्हणतो? योजनेच्या अहवालात या प्रश्नाचे उत्तर बहुधा सापडणार नाही.