फ्रिजला ठाऊक असतं, भूक कशी भागवायची

‘द सिम्स’ या गेममधलं एक पात्र सोफ्यावर बसून टीव्ही बघत असतं. खेळणाऱ्याने माऊसला हातही लावलेला नसतो. थोड्या वेळाने ते पात्र आपणहून उठतं, स्वयंपाकघरात जातं, फ्रिज उघडतं, काहीतरी चिरून-शिजवून ताटलीत वाढून घेतं आणि टेबलाशी बसून जेवतं. बघणाऱ्याला वाटतं, याला भूक लागली, फ्रिज आठवला, स्वयंपाक कसा करायचा तेही आठवलं. प्रत्यक्षात त्या पात्राला फ्रिज म्हणजे काय हे मुळीच माहीत नसतं. तो कसा उघडायचा, आतून काय काढायचं, पुढे त्याचं काय करायचं, ही सगळी माहिती फ्रिजच्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेली असते. तेवढा वेळ फ्रिजच त्या माणसाला चालवत असतो.

फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या या गेमने दोन वर्षांत संगणकावरच्या गेमच्या विक्रीचा तोवरचा उच्चांक मोडला. त्याच्या लोकप्रियतेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातल्या फ्रिजकडे आणि खुर्चीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेलं. माणसाचं रोजचं वागणं नेमकं कुठून येतं, या प्रश्नाचं एक विलक्षण उत्तर तिथे दडलेलं आहे.

आग आणि मुंग्या

गेमचे जनक विल राइट यांचं घर ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या भीषण आगीत जळालं. संसार नव्याने उभा करताना कोणती वस्तू कशासाठी हवी, असा विचार त्यांना पावलोपावली करावा लागला. त्यातून घर बांधण्याच्या गेमची कल्पना निघाली. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हे १९७७ चं पुस्तकही त्यांच्या मनात होतं. गेममधली माणसं आली ती सुरुवातीला केवळ घराची पारख करायला. घर सोयीचं आहे की गैरसोयीचं, हे तिथे राहणाऱ्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

ही माणसं वागवायची कशी, हा खरा पेच होता. घरात शेकडो वस्तू. प्रत्येक वस्तूची माहिती माणसाच्या डोक्यात भरायची, तर नवी वस्तू आणली की प्रत्येक माणसाचा प्रोग्रॅम उघडून बसावं लागणार. वाट दाखवली मुंग्यांनी. राइट यांचा ‘सिमअँट’ हा वारुळावरचा गेम १९९१ चाच. अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधाची रेघ सोडते. दुसऱ्या मुंग्या त्या रेघेवरून जातात आणि अन्न मिळालं की तीच रेघ ठळक करतात. अन्नापर्यंतचा नकाशा कुठल्याही एका मुंगीच्या डोक्यात नसतो, तो जमिनीवर असतो. राइट यांनी हीच युक्ती घरात आणली आणि हुशारी माणसांकडून काढून वस्तूंकडे दिली.

कोण किती जोरात बोलावतं

मूळ गेममधल्या प्रत्येक माणसाला आठ गरजा असतात : भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक, सहवास आणि खोलीची प्रसन्नता. प्रत्येक गरजेची पट्टी उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत असते आणि वेळ जाईल तशी ती खाली घसरत राहते.

दुसऱ्या बाजूला घरातली प्रत्येक वस्तू आपण काय देऊ शकतो हे सतत जाहीर करत असते. भर मंडईत विक्रेते ओरडून माल विकतात, तसा हा प्रकार आहे. फ्रिज म्हणतो, माझ्याकडे या, भूक भागेल. पलंग झोपेचं आश्वासन देतो, टीव्ही करमणुकीचं, शॉवर स्वच्छतेचं. माणूस फक्त ऐकतो आणि तोलून बघतो. समजा, टीव्ही करमणुकीचे ३० गुण देऊ करतो आणि फ्रिज भुकेचे ४०. पोट भरलेलं असेल तर त्या ४० गुणांना काही मोल नाही. तेच पोट रिकामं असेल तर त्यांचं वजन कितीतरी पटींनी वाढतं. वस्तू जितकी लांब, तितकी तिची हाक क्षीण. त्यामुळे थोडी भूक असलेला माणूस शेजारच्या टीव्हीसमोर बसून राहतो आणि कडकडून भूक लागली की दोन खोल्या ओलांडून फ्रिजकडे जातो.

यात एक छोटी पण महत्त्वाची भर घातलेली आहे. सर्वांत जास्त गुण मिळवणारी वस्तू माणूस दरवेळी निवडत नाही. वरच्या काही पर्यायांतून एक पर्याय नशिबावर सोडलेला असतो. एवढ्यानेच त्याच्या वागण्यातला यांत्रिकपणा जातो आणि बघणाऱ्याला त्यात लहर दिसू लागते, स्वभाव दिसू लागतो.

फ्रिजपासून सिंकपर्यंत

माणूस फ्रिजपाशी पोहोचला की पुढची सूत्रं फ्रिजच्या हातात जातात. दारासमोर कुठे उभं राहायचं, ती जागा फ्रिजने ठरवलेली असते. दार उघडण्याची हालचालही तोच पुरवतो. मग तो माणसाच्या हातात अन्न ठेवतो, आणि हे अन्नही एक स्वतंत्र वस्तू असते. ओट्यावर त्याची तयारी होते, शेगडीवर ते शिजतं. शिजवणाऱ्याचा हात स्वयंपाकात कच्चा असेल तर शेगडी पेट घेऊ शकते. भरलेली ताटली टेबलावर ठेवली की ती स्वतःच हाका मारू लागते. जेवण झाल्यावर तीच ताटली खरकटी होते आणि तिची हाक बदलते : आता मला उचला. हाक कोणी ऐकली नाही तर माश्या घोंगावू लागतात आणि खोलीची प्रसन्नता घटते. खुर्चीवर कोणी बसलं असेल तर ती दुसऱ्याला बोलावतच नाही.

हे सगळं ‘सिमअँटिक्स’ नावाच्या भाषेत लिहिलेलं आहे. तिचे प्रोग्रॅम पडद्यावर फांद्यांच्या आकृतीसारखे दिसतात. प्रत्येक टप्प्यावर ‘जमलं’ किंवा ‘जमलं नाही’ अशा दोन वाटा फुटतात. वस्तू आपली माहिती सोबत घेऊन येत असल्यामुळे गेमसाठी पुढे कितीतरी नव्या वस्तू सहज आणता आल्या. माणसाला नव्याने काही शिकवावं लागलं नाही.

या रचनेची उणी बाजू पोहण्याच्या तलावात दिसते. या मालिकेतल्या पहिल्या दोन गेममध्ये तलावातून बाहेर येण्याची कृती शिडीमध्ये साठवलेली होती. खेळणाऱ्याने शिडी काढून घेतली की काठ हाताच्या अंतरावर असूनही पोहणारा बाहेर येऊ शकत नसे आणि शेवटी थकून बुडून मरे. काठावर हात रोवून अंग वर ओढता येतं, हे त्याला सांगणारी वस्तूच उरलेली नसे. २००९ च्या तिसऱ्या गेममध्ये काठावरून बाहेर पडण्याची सोय झाली.

वस्तू आणि देह यांच्या मधे

मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं की, आपल्याला वस्तू दिसते ती तिच्यासोबत काय करता येईल या रूपात. गुडघ्याएवढ्या उंचीचा सपाट, भक्कम पृष्ठभाग दिसला की तो बसण्याजोगा दिसतो. पण गुडघा कोणाचा? मोठ्या माणसाची बसायची जागा रांगत्या मुलाला चढायची वाटते. म्हणजे ही शक्यता एकट्या वस्तूत नसते आणि एकट्या माणसातही नसते; दोघांच्या नात्यात असते. ‘द सिम्स’ने ती सगळी वस्तूत कोंबली, म्हणून शिडीविना माणूस बुडाला.

उलट टोकाला गेल्यावर काय होतं, तेही आता दिसलं आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी ‘द सिम्स’पासून स्फूर्ती घेऊन ‘स्मॉलव्हिल’ हे आभासी गाव वसवलं. तिथल्या २५ पात्रांचं डोकं म्हणजे एक भाषिक मॉडेल, पुस्तकी ज्ञानाने गच्च भरलेलं. शेगडीवर काही जळतंय असं कळवलं की पात्र जाऊन ती बंद करत असे आणि न्याहारी पुन्हा बनवत असे. पण वसतिगृहातलं एकाच माणसापुरतं असलेलं स्नानगृह त्यांना उमगलं नाही. वसतिगृहात अनेकांसाठी सोय असते, असं त्यांच्या डोक्यातलं ज्ञान सांगत होतं. म्हणून आत कोणी असतानाही काही पात्रं खुशाल शिरत. संशोधकांनी उपाय सुचवला तो असा की, ‘एका माणसाचं स्नानगृह’ हे त्या जागेच्याच वर्णनात लिहावं. डोकं कितीही भरलं तरी थोडं शहाणपण जागेकडे सोपवावंच लागलं.

खऱ्या घरात काम करू पाहणाऱ्या रोबोंपुढे आज हाच प्रश्न आहे. खरा फ्रिज मुका असतो. आपलं हँडल कुठे आहे, दार किती जोराने ओढायचं, हे तो सांगत नाही. म्हणून संशोधक आधी आभासी घरांत रोबोंची तयारी करून घेतात. अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटच्या ‘एआय-टू थोर’मधलं सफरचंद कापता येतं, अंडं फुटतं, कॉफीचा मग भरता येतो; ‘काय करता येईल’ ही नोंद तिथेही वस्तूला जोडलेली आहे. स्टॅनफर्डच्या ‘बिहेवियर-१के’ या २०२२ च्या प्रकल्पाने रोबोकडून कोणती कामं हवीत हे लोकांना विचारलं आणि घरातल्या रोजच्या अशा एक हजार कामांची यादी केली. साफसफाईला मागणी सर्वांत मोठी होती.

ही यादी वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ओटा पुसणं, खरकटं काढणं, ओल्या हाताने भांडं न निसटू देता उचलणं ही कामं आपण बिनडोक म्हणून हिणवत आलो. बुद्धिबळात जगज्जेत्याला १९९७ मध्येच हरवणाऱ्या यंत्रांना ती अजून धड जमत नाहीत. कारण त्या कामांमागचं ज्ञान कोणी कधी लिहून ठेवलंच नव्हतं. ते वस्तू आणि हात यांच्या सहवासात पिढ्यानपिढ्या मुरत गेलं. ‘द सिम्स’च्या फ्रिजमध्ये त्यातला एक अंश ओळीने मांडावा लागला, तेव्हा तो किती गुंतागुंतीचा आहे ते दिसलं. रोबो घरात येतील तेव्हा येतील. पण घर चालवणं हे बुद्धीचं काम आहे, ही गोष्ट मान्य करायला त्यांची वाट बघायची गरज नाही.