रॅपच्या ठेक्यावर आरोग्य: गाणं पोचतं, पण पुढे काय?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. तंबाखू, रक्तदाब, पक्षाघात यांबद्दल मुलांना चार शब्द सांगायचे असतील, तर ते कुणाच्या तोंडून सांगितले म्हणजे मुलं ऐकतील?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात हा प्रश्न फार नाजूक आहे. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्यखात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली. पेनिसिलिन हाती आल्यावरही त्यांना ते दिलं नाही. असा इतिहास असताना सरकारी पत्रकावर विश्वास बसायचा कसा?

पण मुलांचा विश्वास असलेली एक गोष्ट होतीच, ती म्हणजे हिप-हॉप. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कच्या बहिणीने एक पार्टी ठेवली होती. तिथून या संगीताचा जन्म झाला असं मानतात. रॅप, डीजे, नाच, भिंतीवरची चित्रं हे सगळं गरीब वस्तीतल्या पोरांनी स्वतः उभं केलेलं, कुणी वरून दिलेलं नव्हे.

या विश्वासाची किंमत आरोग्यखात्याच्या आधी सिगारेट कंपन्यांना कळली, हे आपण नीट लक्षात घ्यायला हवं. १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांत मेंथॉलवाले दहा टक्क्यांहूनही कमी होते. आज ते बहुसंख्य आहेत. मधली अनेक वर्षं या वस्त्यांमध्ये मेंथॉलची जाहिरात ठरवून, जोरात केली गेली. २००४मध्ये ‘कूल’ सिगारेटने डीजेंच्या स्पर्धा भरवल्या आणि पाकिटांवर हिप-हॉपची चित्रं छापली. न्यूयॉर्कसह तीन राज्यांनी कोर्टात धाव घेतली. त्याच वर्षी तडजोड झाली आणि कंपनीला मुलांमधलं धूम्रपान रोखण्याच्या कामासाठी सुमारे १४ लाख ६० हजार डॉलर द्यावे लागले.

म्हणजे गाणं हा नुसता निरोप्या आहे, बरं का. तो विषाचाही निरोप पोचवतो आणि औषधाचाही.

२०१५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘फ्रेश एम्पायर’ ही तंबाखूविरोधी मोहीम काढली, १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी. तिच्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. सगळी कृष्णवर्णीय मुलं हिप-हॉपवाली नसतात आणि सगळी हिप-हॉपवाली मुलं कृष्णवर्णीय नसतात. म्हणून मोहिमेने मुलं नुसती वंशावरून निवडली नाहीत. त्यांचा कपडालत्ता, गाणी, मित्रमंडळ कुठलं ते पाहिलं.

आता प्रश्न असा, की यातून खरंच काही बदलतं का?

यासाठी आपण जरा लहान, म्हणजे किशोरवयाच्या उंबरठ्यावरच्या मुलांकडे जाऊ. कोलंबिया विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. ओलाजिडे विल्यम्स न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काम करत होते. कृष्णवर्णीयांना पहिल्या पक्षाघाताचा धोका गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण पेशंट दवाखान्यात पोचायचा उशिरा. मग रॅपर डग ई. फ्रेश यांना सोबत घेऊन त्यांनी शाळांत गाणी आणि कार्टून नेली. चेहरा एका बाजूला ओघळला, हात वर राहत नाही, बोलणं अडखळतं, तर वाट न पाहता ९११ फिरवा, एवढंच शिकवायचं.

२०१८मध्ये याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात २२ शाळा आणि चौथी ते सहावीची ३,०७० मुलं होती. ज्यांना हे शिकवलं, त्यांच्यात पक्षाघात ओळखून योग्य कृती करण्याची पूर्ण तयारी असलेली मुलं आधी २ टक्के होती, लगेच नंतर ५७ टक्के झाली आणि तीन महिन्यांनी २४ टक्के उरली. मुलांनी घरी जाऊन सांगितल्यामुळे पालकांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं आणि तीन महिन्यांनीही १७ टक्के टिकलं.

५७चे २४ झाले, हे आपण झाकून ठेवायचं कारण नाही. गाणं एकदा ऐकवून भागत नाही, उजळणी लागतेच. पण त्याच चाचणीत आणखी एक नोंद आहे. चार मुलांनी खऱ्या प्रसंगात ९११ला फोन केला. त्यातल्या एकाचे पालक म्हणत होते, “थांबू या, बघू या.” पोराने ऐकलं नाही.

हे का जमलं? त्याला भीती घातली नव्हती, उपदेशाचा डोसही पाजला नव्हता. त्याच्याच भाषेत त्याला करण्यासारखी एक नेमकी गोष्ट दिली होती, आणि ती देणारा माणूस त्याला आपला वाटत होता. नुसता ठेका उसना घेऊन असं होत नाही. पोरं ती नक्कल लगेच ओळखतात. म्हणून असं काम करायचं तर आपण आधी पोरांचं ऐकायचं आणि मग गाण्याकडे वळायचं.