मुलांचा रिकामा वेळ

शाळेचें वेळापत्रक आंखण्याचें काम माझ्याकडे बरींच वर्षें होतें. कोणाचाहि तास मोकळा सांपडत नाहीं, याचा मला अभिमान वाटे. निवृत्तीनंतर तीच विद्या मीं घरांत, माझ्या नातवावर चालविली. सकाळीं शाळा, दुपारीं शिकवणी, मग तबला किंवा पोहणें, आणि आठवड्यांतून दोन दिवस बुद्धिबळ. एका रविवारीं शिकवणीच्या बाई आजारी पडल्या व दोन तास अकस्मात् मोकळे झाले. मुलगा माझ्यापुढें येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, आतां मी काय करूं?" नऊ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडावा आणि तोहि माझ्यामुळें, याची मला लाज वाटली.

रिकामा वेळ म्हणजे वायां गेलेला वेळ, अशी आपणां पांढरपेशांची जुनी समजूत आहे. मेंदूचें शास्त्र तिला दुजोरा देत नाहीं. अमेरिकेंतील मार्कस रेकल व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं असें दाखविलें कीं, माणूस बाहेरच्या कोणत्याहि कामांत गुंतलेला नसतांना मेंदूचे कांहीं विशिष्ट भाग उलट अधिक कार्यरत असतात. स्वतःच्या आठवणी, पुढील गोष्टींची कल्पना, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज यांच्याशीं त्या भागांचा संबंध असल्याचें मागाहून दिसून आलें. हे मूळ प्रयोग प्रौढ माणसांवरील होते. त्यांवरून मुलांविषयीं भलताच निष्कर्ष काढूं नये. तरीपण खिडकीबाहेर पाहत बसलेल्या विद्यार्थ्याला मीं पूर्वीं ज्या सहजतेनें बांकावर उभें केलें, तसें आतां माझ्यानें करवणार नाहीं.

कोणी म्हणेल, क्रिकेटच्या वर्गाला घातलें म्हणजे मूल खेळतेंच कीं! खेळतें खरें. पण गल्लींतलें क्रिकेट पाहा. जागा अरुंद, म्हणून 'एक टप्पा आउट'. शेजारच्या गच्चीवर चेंडू गेला कीं मारणाराच बाद. हे नियम मुलांनीं जागा पाहून केले, भांडून बदलले, आणि रुसलेल्याची समजूत घालून पुन्हां डाव मांडला. त्यांतच तो 'कच्चा लिंबू'. धाकट्या भावंडाला खेळांत घ्यावयाचें, परंतु त्याला बाद धरावयाचें नाहीं, ही दयाबुद्धीची तरतूद कोणत्या शिक्षकानें शिकविली? वर्गांत कच्च्या लिंबाला जागा नसते; तेथें प्रत्येकानें फी भरलेली असते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेंत ३१ वें कलम आहे. विश्रांति, फुरसत आणि खेळ हे मुलांचे हक्क असल्याचें तें सांगतें, आणि भारतानें ती संहिता १९९२ मध्यें स्वीकारली. घरोघरच्या वेळापत्रकांत मात्र हें कलम अद्याप उतरलेलें नाहीं. फुरसत म्हणून मुलाच्या हातीं मोबाईल देणें हीहि एक पळवाटच. त्यांत पुढें काय पाहावयाचें तें बहुतेक वेळां दुसऱ्यानेंच ठरविलेलें असतें.

आमच्या घरीं बुद्धिबळ बंद झालें. पहिले कांहीं दिवस मुलगा कुरकुरला, कंटाळला, दारांतून घरांत फेऱ्या घालूं लागला. मला राहवेना, दोन-तीनदां कांहींतरी सुचविण्यासाठीं तोंड उघडलें, पण सूनबाईंनीं खुणेनें थांबविलें. पुढें एके दिवशीं तो गॅलरींतल्या मुंग्यांची रांग पाहत पाऊण तास बसला होता. त्यानें वाटेंत खडू आडवा ठेवला होता, आणि मुंग्या कोणत्या बाजूनें वळतात तें तो मोजीत होता. तबला मात्र चालू आहे. तो त्याला मनापासून आवडतो.