घाशीराम कोतवाल: गाणारी भिंत

पुण्यात, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांची भूमिका मोहन आगाशे यांनी केली, घाशीरामाची रमेश टिळेकर यांनी.

या नाटकाचे नेपथ्य माणसांचे आहे. धोतर नेसलेल्या ब्राह्मणांची एक रांग गात, डोलत उभी राहते. तिने पाठ फिरवली की भिंत होते, तोंड वळवले की पुणे शहर. ती फुटते तेव्हा आतले दिसते, जुळते तेव्हा झाकले जाते. दशावतारी खेळ, कीर्तन, तमाशा यांतले घटक भास्कर चंदावरकरांच्या संगीताने आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेने एका लयीत बांधले. कीर्तनाला लागून लावणी येते, हरिनाम घेणारेच कलावंतिणींच्या बावनखणीत दिसतात. मुलगी नानांच्या हवाली करून घाशीराम कोतवाली मिळवतो. त्याचा जुलूम वाढतो तरी रांगेचा ताल सुटत नाही. सत्ता एकट्या नानांची नसते, ती गाणाऱ्यांच्या संमतीवर उभी असते, हे तेंडुलकरांचे म्हणणे संवादांपेक्षा या रांगेतून अधिक पोचते.

संगीत नाट्य आणि राजसत्ता यांचे नाते अठराव्या शतकातल्या रशियात नेमके उलटे होते. १७४२ साली सम्राज्ञी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त मॉस्कोत झालेला ऑपेरा रोमन सम्राट टायटसच्या दयाबुद्धीचा होता. दुसऱ्या कॅथरिनने ओलेग या जुन्या राजावर स्वतः लिहिलेली संहिता १७९० साली रंगमंचावर आली. त्यात ओलेग कॉन्स्टँटिनोपलवर आपली ढाल लावतो, आणि तेव्हा त्या शहरावर राज्य करणाऱ्या तुर्कांशी रशियाचे युद्ध चालू होते. तिथला गायकवृंद सिंहासनाचा गौरव करी. पुढच्याच वर्षी, १७९१ मध्ये, पुण्यात कोतवाल घाशीराम सावळदास याला चिडलेल्या जमावाने दगडांनी ठार मारले. त्याच्या कोठडीत डांबलेले ब्राह्मण गुदमरून मेले होते. नाटकात घाशीरामाच्या मृत्यूच्या हुकमावर नाना शांतपणे सही करतात, आणि तीच रांग पुन्हा गाते.

हे ऐतिहासिक नाटक नाही, असे तेंडुलकरांनी सांगितले होते. तरीही नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाल्याचा आक्षेप आला. पेशव्यांच्या शहरात तो येणारच होता. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, १९७३ साली त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि प्रयोग पुन्हा उभा केला. १९८० साली ही रांग युरोपच्या रंगमंचांवर मराठीतच गायली.