एक घर, दोन गाड्या : विमा एकत्र की वेगळा?

ईदच्या सुट्टीत साताऱ्याहून चिपळूणजवळच्या गावी जायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. अब्बा होते तेव्हा त्यांच्या छोट्या कारमध्ये आम्ही दाटीवाटीने बसत असू. आता घर वाढले. अम्मी, दोन भाऊ, भाभी, मुले, कधी माहेरी आलेली आपा. म्हणून गेल्या वर्षी धाकट्या भावाने सात आसनांची व्हॅन घेतली. दारात दोन गाड्या झाल्या आणि दोघींच्या विम्याची मुदतही महिन्याच्या अंतराने आली.

विम्याचे काम पाहणारा ओळखीचा मुलगा घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "सर, दोन्ही एकत्र करून टाकू. कटकट मिटेल, पैसेही वाचतील." आम्हालाही ते पटले. मग त्याने कारचे आरसी बुक मागितले, आणि घरात एकदम शांतता झाली. त्यावर नाव मरहूम अब्बांचे होते. त्यांच्या इंतिकालाला पाच महिने होऊन गेले होते. एवढे दिवस ती कार आम्ही शाळेत, बाजारात, दवाखान्यात नेत होतो. नावाचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता.

मोटार विम्याच्या पॉलिसीत एक अट छापलेली असते. मालकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूनंतर तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांपैकी जे आधी येईल तोवर ती चालते. तेवढ्या काळात वारसांनी गाडी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. म्हणजे शेवटचे दोन महिने आमची कार कागदोपत्री विमा असूनही विम्याच्या आधाराशिवाय फिरत होती. त्या दिवसांत कुणाला धक्का लागला असता तर काय झाले असते, या विचाराने अम्मींना त्या रात्री झोप आली नाही. अल्हम्दुलिल्लाह, काही झाले नाही. पण हीच चूक इतर घरांतही होत असणार, म्हणून हे लिहीत आहोत.

मोबाइलवर पैसे भरले की पॉलिसीचा कागद येतो. गाडीचा मालक हयात आहे का, असे तो कागद विचारत नाही. म्हणून पुष्कळ घरांत मरहूम वडिलांच्या नावानेच वर्षानुवर्षे नूतनीकरण होते. प्रश्न उभा राहतो तो अपघातानंतर.

कायद्याने करायचे ते असे. गाडीच्या मालकाच्या मृत्यूची माहिती आरटीओला 30 दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि इतर वारसांची संमती लागते. आम्हाला उशीर झाला, तरी काम झाले. मात्र इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपाच्या संमतीच्या सहीकडे केवळ आरटीओचा कागद म्हणून पाहता येत नाही. कार हा अब्बांच्या तरक्याचा भाग आहे आणि त्यात अम्मींचा व बहिणींचा हक्क आहे. आम्ही आधी कारची बाजारातील किंमत काढली, ज्याचा त्याचा हिस्सा ठरवला, मग सह्या घेतल्या. कार आमच्या नावावर झाली.

आता मूळ प्रश्न. दोन गाड्यांचा विमा एकत्र की वेगळा?

आधी विम्याचे दोन भाग समजून घेऊ. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने हा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा 2,000 आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दुसऱ्याच्या मृत्यूच्या वा दुखापतीच्या भरपाईला या भागात रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंतची आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. विम्याच्या जायज-नाजायजबद्दल ज्यांच्या मनात प्रश्न आहे त्यांनी हा फरक लक्षात घेऊन आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. आम्ही शिक्षक माणसे, तो निकाल देणे आमचे काम नाही.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 2,094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 3,416 रुपये. आमची कार पहिल्या गटात, व्हॅन दुसऱ्या गटात. दोन्ही मिळून 5,510 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. विमा एकत्र घ्या की वेगळा, या भागात एक रुपयाही वाचत नाही. बचत झाली तर ती फक्त दुसऱ्या भागात.

'एकत्र' या शब्दाचेही दोन अर्थ निघाले. एक, दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीकडून घेणे. पॉलिसी दोनच राहतात, फक्त ओळखीपोटी थोडी सूट मिळू शकते. दुसरा, फ्लोटर. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै 2022 मध्ये स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला जोडून असा विमा देण्याची मुभा कंपन्यांना दिली. त्यात एकाच मालकाच्या दुचाकी आणि खासगी कार एका छत्राखाली येतात. इथे 'एकाच मालकाच्या' हे शब्द महत्त्वाचे. घर एक असले, चूल एक असली, तरी आमची कार आमच्या नावावर आणि व्हॅन भावाच्या नावावर. म्हणजे फ्लोटर आमच्यासाठी नव्हताच.

एकाच मालकाच्या दोन गाड्या असतील तर एक बचत मात्र नक्की आहे. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, पण तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. दोन गाड्यांसाठी तो एकदाच घ्यावा लागतो. दोन्ही पॉलिसींत त्याचे पैसे लावले असतील तर एकातून काढायला सांगावे. आमच्याकडे मालक दोन, म्हणून दोघांनी आपापला घेतला.

आता नो क्लेम बोनस. एक वर्ष दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या भागात 20 टक्के सूट मिळते. पुढे दरवर्षी 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के. हा बोनसही मालकाचा असतो. गाडी विकली तरी तो आपल्या नव्या गाडीला लावता येतो, मात्र विकत घेणाऱ्याला मिळत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पती-पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गेली तर बोनसही त्यांच्याकडे येऊ शकतो. अब्बांनी कधी दावा केला नव्हता. त्यांचा 50 टक्के बोनस आम्हाला मिळाला. अम्मी म्हणाल्या, "त्यांच्या सावकाश चालवण्याची कमाई." पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केले नाही तर हा बोनस बुडतो. पॉलिसी वेगवेगळ्या असल्या की व्हॅनच्या बंपरसाठी केलेल्या दाव्याने कारचा बोनस जात नाही. फ्लोटर घेणाऱ्यांनी एका गाडीच्या दाव्याचा दुसरीच्या बोनसवर काय परिणाम होईल, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

व्हॅनबद्दल दोन सूचना. पुतण्याची हौस अशी की मागची आसने काढून पलंग, पंखा आणि छोटी शेगडी बसवायची, म्हणजे समुद्रकिनारी मुक्कामच करता येईल. त्याला आम्ही थांबवले. आरसीवर नोंदलेल्या रचनेत असा बदल करायला कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. दुसरी सूचना भावाला. मोहल्ल्यातली मुले शाळेत सोडून महिन्याचे पैसे घ्यावेत, असे त्याच्या मनात होते. खासगी पॉलिसी भाड्याच्या वापराला चालत नाही. त्यासाठी परवाना, पिवळी पाटी आणि वेगळा विमा लागतो. दुसऱ्याची मुले म्हणजे अमानत. त्यांच्या बाबतीत कागद कच्चा ठेवून चालणार नाही.

शेवटी आम्ही दोन्ही गाड्यांच्या पॉलिसी वेगवेगळ्या, पण एकाच कंपनीकडून घेतल्या. मुदतीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिल्या. एकत्र ठेवली ती फक्त कागदांची फाइल. त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्येही आहेत आणि त्या रस्त्यावर दाखवता येतात.

ईदच्या दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरताना अम्मी कारमध्ये पुढच्या आसनावर होत्या, अब्बांच्या वेळी बसायच्या तिथेच. मागे व्हॅनमध्ये मुलांचा गोंधळ चालला होता. घाट संपल्यावर त्यांनी विचारले, "कागद सगळे झाले ना?" आम्ही म्हणालो, "झाले, अम्मी." मग त्यांनी तस्बीह हातात घेतली.