नऊवारी गेली, घागरा आला

आमच्या धाराशिव जिल्ह्यात चोराखळीची कलाकेंद्रे कोणाला ठाऊक नाहीत? चारचौघांत नाव मात्र कोणी घेत नाही! पेटी-तबल्यावर बैठकीची लावणी गाणारी आजीची पिढी सरली. संगीतबारीतल्या काही कोल्हाटी घरांतील मुली मुंबईच्या डान्सबारमध्ये गेल्या. नऊवारीच्या जागी टिकल्यांचा घागरा आला, लावणीच्या जागी सिनेमाची गाणी.

२००५ मध्ये शासनाने डान्सबार बंद केले. तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना मात्र सूट! म्हणजे नाच तोच, अश्लीलता गिऱ्हाइकाच्या खिशावरून ठरली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. आधार समतेचे कलम १४. निकाल आम्ही वाचला. मधल्या आठ वर्षांत काहीजणी पुन्हा संगीतबारीत परतल्या. बाकीच्यांच्या चुली कशा पेटल्या, हे कोणत्या मंत्र्याने विचारले?